जुना टर्नटेबल निवडताना : झाडीपट्टीतील नवशिक्या श्रोत्यांसाठी मार्गदर्शन

माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत वाडवडिलांच्या तबकड्या आहेत, पण त्या वाजवायला यंत्र नाही, अशी अनेक घरांची स्थिती असते. नवे यंत्र महाग वाटते आणि जुने घ्यावे तर त्यातले काही कळत नाही. चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतील हवामान, वीजपुरवठा आणि बाजारापासूनचे अंतर लक्षात घेऊन, कमी खर्चात जुना टर्नटेबल कसा निवडावा, याची ही माहिती.

ग्रामोफोनच्या तबकडीचे जंगलाशी नाते फार जुने आहे. मिनिटाला ७८ फेरे घेणारी काळी, जड तबकडी ज्या मिश्रणातून घडवली जाई, त्यातील बंधक द्रव्य म्हणजे लाख. पळस आणि कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे किडे पोसले जातात, आणि ही दोन्ही झाडे गडचिरोलीच्या रानात आहेत. लाखेत दगडाची बारीक भुकटी आणि काजळी मिसळून तबकडी दाबली जाई. पोलादी पिनेने तबकडी झिजते म्हणून काही रसिक बांबूच्या धाग्याची पिन वापरत. अशा रीतीने रानातल्या दोन वस्तू दिवाणखान्यात येऊन गाणे ऐकवीत असत.

या भागात गाण्याची आवडही तितकीच जुनी आहे. दिवाळीनंतर धानाची कापणी आटोपली की झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा-देसाईगंज हे त्या व्यवसायाचे केंद्र, आणि तेथील रंगमंचावर गायक नटाला व प्रत्यक्ष वाजणाऱ्या वाद्यांना आजही मान आहे. अशा प्रदेशातील एखाद्या घरात बालगंधर्व (१८८८-१९६७), मास्टर दीनानाथ (१९००-१९४२) किंवा हिराबाई बडोदेकर (१९०५-१९८९) यांची नाट्यपदे असलेली तबकडी निघाली, तर ती केवळ शोभेची वस्तू नव्हे. त्यातील काही मुद्रणे पुढे कॅसेटवर वा सीडीवर आली, पण सगळी आली असे नाही. म्हणूनच यंत्राची निवड ही केवळ पैशाची बाब राहत नाही. झिजलेल्या सुईचे स्वस्त यंत्र पहिल्याच आठवड्यात तबकडीचे जे नुकसान करते, ते कशानेही भरून निघत नाही.

आधी तबकड्या पाहा, मग यंत्र

बहुतेक नवशिके यंत्रापासून सुरुवात करतात. क्रम उलटा हवा. आपल्याजवळ कोणत्या तबकड्या आहेत किंवा कोणत्या जमवायच्या आहेत, हे ठरल्याशिवाय यंत्र ठरवता येत नाही. भारतात आढळणाऱ्या तबकड्यांचे ढोबळ तीन प्रकार आहेत.

पहिला प्रकार ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्यांचा. त्या बहुधा दहा इंची, काही बारा इंची असतात. हाताला जड लागतात, बोटाने टिचकी मारल्यास कडक आवाज येतो आणि हातून सुटल्यास काचेसारख्या फुटतात. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटांचे गाणे मावते. जगातील इतर देशांत त्यांचे उत्पादन बंद पडल्यानंतरही भारतात त्या १९७० च्या सुमारापर्यंत निघत राहिल्या.

दुसरा प्रकार एलपीचा. विनाइलची, किंचित लवचीक, बारा इंची तबकडी. मिनिटाला ३३⅓ फेरे. एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक संगीत. शास्त्रीय गायन, भावगीते, अभंग आणि चित्रपटसंगीत यांचा मोठा साठा या स्वरूपात आहे. तिसरा प्रकार सात इंची ईपीचा. तिला ४५ फेरे लागतात आणि दोन्ही बाजू मिळून बहुधा चार गाणी असतात. पाठीमागच्या लेबलावर वेग छापलेला असतो. तो पाहण्याची सवय लावून घ्यावी.

हा भेद महत्त्वाचा आहे, कारण ७८ च्या तबकडीची खाच रुंद असते आणि एलपीची अतिशय अरुंद. एलपीच्या सुईचे टोक साधारण १८ मायक्रॉन त्रिज्येचे, तर ७८ साठी लागणारे टोक सुमारे ७५ मायक्रॉनचे असते. एलपीची सुई ७८ वर ठेवली तर ती खाचेच्या तळाशी जाऊन बसते आणि गाण्याऐवजी तळाची खरखर ऐकवते. उलट ७८ ची जाड सुई एलपीवर फिरवली तर खाच कायमची खरवडली जाते. त्यामुळे ज्यांच्याकडे दोन्ही प्रकारच्या तबकड्या आहेत, त्यांना तिन्ही वेग असलेले आणि सुई बदलता येणारे यंत्र लागेल. नव्या यंत्रांपैकी अनेकांत ७८ चा वेगच नसतो. येथे जुन्या यंत्राला खरे महत्त्व येते.

बाजारात काय दिसते

जुन्या बाजारात चार जातींची यंत्रे आढळतात.

चावीचा ग्रामोफोन : पितळी भोंग्याचे यंत्र पाहताच मन हरखते. मात्र जुन्या बाजारात विकले जाणारे असे बरेच ग्रामोफोन इकडचे-तिकडचे भाग जुळवून केलेल्या नकला असतात. चकचकीत भोंगा, नवी लाकडी पेटी आणि त्यावर ठळक चित्र, ही बहुधा नकलेची लक्षणे. अस्सल यंत्रही केवळ ७८ च्या तबकडीसाठी आहे. त्याच्या ध्वनिपेटीचा सारा भार पिनेवर असतो आणि पोलादी पिन प्रत्येक बाजूनंतर बदलावी लागते. एलपी तर त्यावर कधीही ठेवू नये. शोभेसाठी घ्यायचा तर जरूर घ्यावा; ऐकण्यासाठी नव्हे.

पेटीतला रेकॉर्ड प्लेअर : एचएमव्हीचे फिएस्टा, कॅलिप्सो किंवा फिलिप्सचे प्लेअर एकेकाळी मध्यमवर्गीय घरांत सर्रास असत. अॅम्प्लिफायर आतच बसवलेला, काहींचा स्पीकर झाकणात. स्वस्त मिळतात आणि जागा कमी लागते. दोष असा, की त्यांतील सिरॅमिक कार्ट्रिज तबकडीवर बराच भार टाकते. शिवाय जुन्या मोनो कार्ट्रिजची सुई आडवी हलते, पण वर-खाली हलण्यास तिला फारशी मोकळीक नसते. स्टिरिओ तबकडीच्या खाचेला ही हालचाल आवश्यक असते. म्हणून अशा यंत्रावर मोनो ईपी ऐकाव्यात, स्टिरिओ एलपी जपून ठेवाव्यात.

ऑटोचेंजर : गॅरार्ड, बीएसआर यांची ही यंत्रे जुन्या रेडिओग्रामच्या कपाटात सापडतात. एकावर एक तबकड्या रचून ती आपोआप पाडण्याची त्यांत सोय असे. चार वेग, उलटसुलट करता येणारी दोन टोकांची सुई आणि मजबूत बांधणी हे गुण. परंतु आतील स्वयंचलित यंत्रणेचे ग्रीस वाळून दगडासारखे होते आणि ती मध्येच अडते. चांगला मिस्त्री हाताशी असेल तरच विचार करावा.

हायफाय टर्नटेबल : म्हणजे केवळ फिरती थाळी, मोटर आणि भुजा, अॅम्प्लिफायर व स्पीकर स्वतंत्र. १९७० आणि ८० च्या दशकांतील टेक्निक्स, पायोनिअर, सॅन्सुई, ड्युअल यांची यंत्रे परदेशातून आलेली असत. देशात सोनोडाइन, कॉस्मिक यांनीही टर्नटेबल काढले. भुजेचा भार मोजून लावता येतो, कार्ट्रिज बदलता येते आणि सुट्या भागांची उपलब्धता तुलनेने बरी असते. मुख्यतः एलपी ऐकणाऱ्या नवशिक्याने याच जातीतील साधे, हाताने चालवण्याचे यंत्र शोधावे. जितकी बटणे कमी, तितकी बिघाडाची कारणे कमी.

थाळी फिरते कशी

थाळी फिरवण्याच्या तीन पद्धती आहेत. पट्ट्याच्या पद्धतीत मोटर एका रबरी पट्ट्याने थाळी फिरवते. मोटरची थरथर पट्ट्यातच विरते, दुरुस्ती सोपी आणि पट्टा बदलणे स्वस्त. दुसऱ्या पद्धतीत मोटर व थाळीच्या मध्ये रबरी चाक असते. जोर भरपूर, पण रबर कडक झाले किंवा त्याला एका जागी खळगा पडला की प्रत्येक फेऱ्याला धडधड ऐकू येते. तिसऱ्या पद्धतीत थाळी थेट मोटरच्याच आसावर बसवलेली असते. १९७२ साली आलेला टेक्निक्सचा एसएल-१२०० हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. ही यंत्रे टिकाऊ, मात्र आतील इलेक्ट्रॉनिक मंडल बिघडल्यास गावात दुरुस्ती मिळणे कठीण.

जिल्ह्याच्या ठिकाणापासून दूर राहणाऱ्यांना पट्ट्याचे यंत्र अधिक सोयीचे. पट्ट्याचा घेर मोजून पाठवला की नवा पट्टा टपालाने येतो आणि तो बसवायला कोणाची मदत लागत नाही.

विकत घेण्यापूर्वीची तपासणी

प्रथम वीज न जोडता पाहावे. थाळी हाताने हलकेच फिरवावी. ती आवाज न करता, थोडा वेळ स्वतःहून फिरत राहिली पाहिजे. (पट्टा चढवलेला असल्यास ती लवकर थांबेल, तो उतरवून पाहावा.) थाळीची कड दोन बाजूंनी धरून डोलवून पाहावी; जाणवण्याइतकी डुगडुग म्हणजे आसाचे बेअरिंग झिजलेले. डोळ्यांच्या पातळीवर येऊन पाहिल्यास फिरणारी थाळी वर-खाली होते का, हेही कळते.

त्यानंतर भुजा. तिच्या मागच्या टोकाचे वजन असे लावावे की भुजा तराजूच्या दांडीसारखी हवेत आडवी राहील. मग ती फुंकरीने सरकते का पाहावे. सुरुवातीपासून शेवटपर्यंत ती कोठेही न अडखळता फिरली पाहिजे. एखाद्या जागी थबकत असेल तर तिचे बेअरिंग खराब आहे, आणि हा दोष दुरुस्त होणे अवघड असते. पुढचे टोक अलगद धरून हलवल्यास खिळखिळेपणा जाणवू नये. मागचे वजनच हरवले असेल तर सौदा सोडून द्यावा. त्याच मापाचे वजन मिळणे दुरापास्त असते.

पट्टा तुटलेला असणे हा मोठा दोष नव्हे. कित्येकदा तो वितळून डांबरासारखा चिकटलेला असतो. तो पुसून काढता येतो. बॅटरीवर चालणाऱ्या प्लेअरमध्ये मात्र बॅटरीचा कप्पा उघडून पाहावा. पांढरा-हिरवा थर साचला असेल तर आतील जोडण्याही खाल्ल्या गेल्या असण्याची शक्यता असते.

यानंतर वीज जोडून वेग मोजावा. त्यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही. थाळीच्या कडेला कागदाचा तुकडा चिकटवावा आणि घड्याळ लावून फेरे मोजावेत. ३३⅓ च्या वेगावर तीन मिनिटांत बरोबर १०० फेरे झाले पाहिजेत. ४५ च्या वेगावर दोन मिनिटांत ९०. तीन मिनिटांत एखाददुसरा फेरा कमी-जास्त असल्यास वेगाच्या खुंटीने तो जुळवता येतो. १०० ऐवजी ९० भरले, तर कारण शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये.

शेवटी ऐकून पाहावे. बरोबर आपली एक एलपी न्यावी, मात्र ती खराब झाली तरी चालेल अशी असावी. विक्रेता ढोलाची, ठेक्याची गाणी लावील. त्यांत दोष झाकले जातात. आपण लांब, स्थिर सुराचे संगीत ऐकावे. सनईचा दीर्घ स्वर, हार्मोनियमचा धरलेला सूर किंवा विलंबित आलाप यांत वेगाचे लहरणे तत्काळ उघडे पडते. दोन्ही स्पीकरमधून आवाज येतो का, ते पाहावे. तबकडीच्या शेवटच्या गाण्यात ‘स’ आणि ‘श’ ही अक्षरे फाटल्यासारखी येत असतील तर सुई झिजली आहे किंवा कार्ट्रिज वाकडे बसले आहे. आवाज पूर्ण वाढवून, सुई उचललेली असताना, गुणगुण किती येते हेही ऐकावे.

विक्रेता ‘चालू आहे, फक्त सुई टाकावी लागेल’ असे म्हणाला, तर त्याचा अर्थ ‘चालते की नाही हे पाहिलेले नाही’ असा घ्यावा आणि त्याप्रमाणे किंमत सांगावी.

सुई : तबकडीचे आयुष्य हिच्या हाती

जुन्या यंत्रातील सुई झिजलेली आहे, असे गृहीत धरूनच हिशेब करावा. हिऱ्याच्या टोकाची सुई साधारण ५०० ते १,००० तास चालते; जुन्या प्लेअरमधील नीलमण्याच्या टोकाची त्याच्या मानाने फारच थोडी. आधीच्या मालकाने किती तास ऐकले, हे सांगता येत नाही आणि साध्या भिंगातून झीज नीट दिसतही नाही. झिजलेल्या टोकाला धारदार कडा येतात आणि प्रत्येक फेऱ्यात त्या खाचेच्या भिंती छिलत जातात.

म्हणून यंत्र घेण्याच्या आधी एक चौकशी करावी : याच्या कार्ट्रिजला नवी सुई मिळते का, आणि कितीला? कार्ट्रिजवरील नाव व क्रमांक टिपून घ्यावा. अर्ध्या इंचाच्या अंतरावर दोन स्क्रूंनी बसणारे कार्ट्रिज असेल तर चिंता नाही. त्या मापाची नवी कार्ट्रिजे सहज मिळतात. विशिष्ट यंत्रापुरतेच बनवलेले कार्ट्रिज असेल आणि त्याची सुई मिळत नसेल, तर यंत्र कितीही देखणे असले तरी ते नवशिक्याच्या कामाचे नाही.

नवी सुई बसवल्यावर भारही योग्य लावावा. चुंबकी कार्ट्रिजला बहुधा दीड ते अडीच ग्रॅम भार लागतो. नेमका आकडा त्याच्या माहितीपत्रकात असतो. भार कमी ठेवला की तबकडी सुरक्षित राहते, ही समजूत चुकीची आहे. हलकी सुई खाचेत उसळते आणि जड सुईपेक्षा अधिक इजा करते. भार मोजण्याचा छोटा काटा स्वस्तात मिळतो. तो जरूर घ्यावा.

विजेचा प्रश्न

परदेशातून आलेले यंत्र घेताना तळाशी लावलेली पट्टी वाचणे अत्यावश्यक आहे. जपानमधील घरगुती वीज १०० व्होल्टची, अमेरिकेतील १२० व्होल्टची. आपली २३० व्होल्टची. असे यंत्र थेट जोडल्यास मोटर जळेल. व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लावला की हा प्रश्न सुटतो, पण दुसरा उरतो. अमेरिकेत विजेची वारंवारिता ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. जुन्या अनेक मोटरींचा वेग या वारंवारितेवर ठरतो. ६० हर्ट्झसाठी बनवलेले असे यंत्र आपल्याकडे ३३⅓ ऐवजी सुमारे २७.८ फेरे घेते. परिणामी गायकाचा षड्ज हार्मोनियमच्या काळ्या-पांढऱ्या मिळून तीन पट्ट्यांनी खाली उतरतो. ट्रान्सफॉर्मरने वारंवारिता बदलत नाही. त्यासाठी मोटरवरील कप्पी बदलावी लागते. डीसी मोटरच्या किंवा क्वार्ट्झ नियंत्रणाच्या यंत्रांना ही अडचण येत नाही.

आपल्या दोन्ही जिल्ह्यांच्या आतल्या भागांत विजेचा दाब कमी-जास्त होणे आणि पावसाळ्यात वारंवार वीज जाणे ही नेहमीची बाब. चंद्रपुरात औष्णिक वीज केंद्र असले तरी भामरागड-एटापल्लीच्या श्रोत्याला त्याचा उपयोग नाही. तेव्हा अॅम्प्लिफायर आणि टर्नटेबल दोन्ही स्टॅबिलायझरवर ठेवावेत. साध्या, चौकोनी लहरींच्या इन्व्हर्टरवर जुन्या मोटरी गुरगुरतात आणि स्पीकरमधून भणभण येते; शक्य असल्यास साइन लहरींचा इन्व्हर्टर वापरावा. वीज गेल्यास सुई तशीच तबकडीवर ठेवून उठू नये. भुजा उचलून जागी ठेवावी. आकाशात वीज कडाडत असेल तेव्हा प्लग काढून ठेवणे उत्तम.

जोडणीची एक अडचण

नवशिक्यांना हमखास सतावणारी गोष्ट म्हणजे ‘यंत्र चालते, पण आवाज अगदी बारीक येतो’. चुंबकी कार्ट्रिजमधून निघणारा संदेश काही मिलिव्होल्ट इतकाच असतो. शिवाय तबकडी कोरताना खालचे सूर दाबलेले आणि वरचे उचललेले असतात. ऐकताना ते पूर्ववत करावे लागतात. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून यासाठी जगभर एकच प्रमाण रूढ झाले. ही दोन्ही कामे फोनो प्रीअॅम्प्लिफायर करतो. जुन्या अॅम्प्लिफायरच्या मागे ‘फोनो’ असे लिहिलेली जागा असल्यास तो आतच असतो. आजच्या होम थिएटरला वा ब्लूटूथ स्पीकरला टर्नटेबल जोडायचा तर तो वेगळा घ्यावा लागतो. सिरॅमिक कार्ट्रिजचा संदेश बराच मोठा असल्याने ते सरळ साध्या ‘ऑक्स’ जागेतही चालते.

टर्नटेबलमधून निघणारी बारीक सुटी तार अनेकजण निरुपयोगी समजून कापून टाकतात. ती अर्थिंगची असते. अॅम्प्लिफायरच्या मागील स्क्रूला ती जोडली की गुणगुण बंद होते.

किंमत ठरवण्याची रीत

विक्रेत्याने सांगितलेली किंमत म्हणजे यंत्राची किंमत नव्हे. समजा, यंत्र ६,००० रुपयांना आहे. नवी सुई २,०००, पट्टा ५००, प्रीअॅम्प्लिफायर २,०००, वाहतूक आणि किरकोळ दुरुस्ती १,५००. म्हणजे एकूण १२,००० रुपये. (हे आकडे केवळ हिशेबाची पद्धत दाखवण्यासाठी आहेत.) ही बेरीज करून ती एखाद्या नामांकित कंपनीच्या साध्या नव्या टर्नटेबलच्या त्या दिवशीच्या किमतीशी ताडून पाहावी. नव्यात बहुधा प्रीअॅम्प्लिफायर आत असतो, सुई कोरी असते आणि हमी मिळते. जुन्याची बेरीज नव्याच्या दोन-तृतीयांशाहून जास्त होत असेल, तर जुने घेण्यासाठी ७८ चा वेग किंवा उत्तम भुजा यांसारखे ठोस कारण हवे. ‘अँटिक’ हा शब्द हे कारण होऊ शकत नाही.

याच रकमेत मिळणारी सुटकेसच्या आकाराची नवी, रंगीत यंत्रे अनेकांना भुरळ घालतात. त्यांतील बहुतेकांची भुजा हलक्या प्लास्टिकची असते आणि भार कमी-जास्त करण्याची सोय नसते. वडिलोपार्जित तबकड्यांसाठी ती टाळलेली बरी.

शोध कुठे घ्यावा

पहिला शोध आपल्याच गावात घ्यावा. चंद्रपूर, बल्लारपूर, भद्रावती, ब्रह्मपुरी, वडसा येथील जुनी रेडिओ-दुरुस्तीची दुकाने, मंडपवाले आणि लाउडस्पीकर भाड्याने देणारे यांच्याकडे जुनी यंत्रे पडून असू शकतात. कागद कारखाना, कोळसा खाणी, आयुध निर्माणी यांच्या वसाहतींतून निवृत्त होऊन जाणारी कुटुंबे घर आवरताना अशा वस्तू काढतात. गावात मिळालेले यंत्र पुन्हा पुन्हा पाहता येते आणि विकणाराही ओळखीचा असतो.

त्यानंतर नागपूर. मुंबईतील चोरबाजार आणि पुण्यातील जुना बाजार प्रसिद्ध आहेत. निवड मोठी, पण घासाघीस आणि पारख दोन्ही हवीत. बल्लारशाह हे दिल्ली-चेन्नई मार्गावरील जंक्शन असल्याने हैदराबादही रेल्वेने सोयीचे पडते. इंटरनेटवरील जाहिरातीवरून घ्यायचे झाल्यास विक्रेत्याला थाळी फिरताना, सुई उतरताना आणि गाणे वाजतानाची सलग चित्रफीत मागावी. ती देण्यास टाळाटाळ झाली तर नाद सोडावा.

खरे नुकसान वाहतुकीत होते. थाळी काढून वेगळी गुंडाळावी, मागचे वजन उतरवून पिशवीत ठेवावे, सुईवर टोपण घालावे, भुजा जागेवर दोऱ्याने बांधावी आणि मोटरला वाहतुकीचे स्क्रू असल्यास ते आवळावेत. सुई तर काढूनच खिशात ठेवावी. एसटीच्या टपावर टर्नटेबल ठेवू नये. मांडीवर घेऊन येणे सर्वांत सुरक्षित.

ऊन, पाऊस आणि धूळ

चंद्रपूरचा उन्हाळा देशातील सर्वांत कडक उन्हाळ्यांपैकी एक. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि पत्र्याखालच्या माळ्यावर किंवा उन्हात उभ्या मोटारीत तो त्याहून कितीतरी वर चढतो. एवढ्या उष्णतेत विनाइल मऊ होऊन वाकते. तबकड्या नेहमी उभ्या ठेवाव्यात, एकमेकींवर रचून नव्हे. पश्चिमेच्या भिंतीपासून दूर आणि जमिनीपासून वर, म्हणजे वाळवीही लागणार नाही. सिमेंटच्या भिंतीपेक्षा आतली खोली बरी.

पावसाळ्यात गडचिरोलीच्या दमट हवेत तबकडीवर बुरशीचे पांढुरके ठिपके उठतात. दर महिन्याला एकदा पेटी उघडून हवा द्यावी. ओलसर झालेली कागदी पाकिटे बदलावीत. खाणी आणि वीज केंद्राच्या परिसरात बारीक काळी धूळ सतत बसते. तिच्यासाठी टर्नटेबलला झाकण असणे ही चैन नसून गरज आहे. तबकडी वाजवण्यापूर्वी दर वेळी मऊ ब्रशने झाडावी.

धुण्याबाबत एक इशारा. लाखेची तबकडी स्पिरिटने किंवा अल्कोहोल असलेल्या कोणत्याही द्रवाने कधीही पुसू नये. लाख त्यात विरघळते आणि खाच नाहीशी होते. सौम्य साबणाचे पाणी, मऊ फडके आणि लगेच कोरडे करणे एवढे पुरे. लेबल भिजू देऊ नये. विनाइलसाठी डिस्टिल्ड पाणी उत्तम, कारण नळाच्या क्षारयुक्त पाण्याचे डाग खाचेत राहतात.

यंत्र ठेवण्याची जागाही सपाट हवी. गवंड्याची पाणसळ थाळीवर ठेवून पाहावी. स्पीकर असलेल्याच टेबलावर टर्नटेबल ठेवल्यास आवाजाची थरथर सुईपर्यंत पोहोचते आणि घुमारा येतो.

घ्यायचेच का?

ज्यांच्याकडे ७८ च्या पाच-दहाच तबकड्या आहेत आणि नव्या जमवण्याचा विचार नाही, त्यांनी यंत्र घेण्याऐवजी त्यांचे एकदा चांगल्या उपकरणावर डिजिटल मुद्रण करून घ्यावे. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेने जुन्या तबकड्यांचा अभ्यास आणि जतन यांना वाहून घेतले. अशा मंडळींशी संपर्क ठेवल्यास आपल्याजवळच्या तबकडीचे मोल कळते. मुद्रण झाले तरी मूळ तबकडी टाकू नये.

आणि ज्यांनी यंत्र घरी आणले, त्यांच्यासाठी शेवटची सूचना. पहिल्या दिवशी घरातली सर्वांत लाडकी तबकडी लावण्याचा मोह होतो. तो आवरावा. आधी नवी सुई बसवावी, भार मोजावा, वेग मोजावा आणि एखादी साधी, सहज पुन्हा मिळणारी तबकडी आठवडाभर ऐकावी. सारे सुरळीत वाटल्यानंतर आजोबांची पेटी उघडावी. इतकी वर्षे ते गाणे थांबले आहे, आणखी आठ दिवस थांबण्यात त्याचे काही बिघडत नाही.